इंग्रजीतलं लांबलचक वाक्य आटोपशीर कसं करायचं: गौणवाक्याचा पदसमूह करण्याची रीत

‘जो मुलगा फाटकापाशी उभा आहे तो माझा भाऊ आहे’ असं मराठीत आपण क्वचितच बोलतो. ‘फाटकापाशी उभा असलेला मुलगा माझा भाऊ’ म्हणून मोकळे होतो. ‘जेव्हा जेवण झालं तेव्हा तो झोपला’ असंही कुणी म्हणत नाही. ‘जेवून झोपला’ एवढं पुरतं. ऊन, ताना, ल्यावर, लेला, णारा, ण्यासाठी या प्रत्ययांच्या जोरावर मराठी माणूस दिवसभर गौणवाक्यं आखूड करत असतो. तोच माणूस इंग्रजीत अर्ज किंवा ईमेल लिहायला बसला की हू, विच, दॅट, बिकॉज, सो दॅट यांची रांग लागते आणि वाक्य चार ओळी संपत नाही.

शाळेच्या पेपरात ‘डू ॲज डिरेक्टेड’खाली हा प्रकार दोन-चार गुणांसाठी येतो आणि बहुतेक मुलं तो पाठांतरावर सोडवतात. माझ्या मते इंग्रजी लेखन सुधारण्यासाठी एवढा उपयोगी दुसरा धडा नाही. त्यासाठी लागणारी निम्मी जाण मराठीने आपल्याला आधीच दिलेली आहे. मात्र एका ठिकाणी हीच मराठी सवय हमखास दगा देते. ते ठिकाण म्हणजे पदसमूहाचा कर्ता. या लेखात मी सर्वांत जास्त जोर त्यावरच देणार आहे.

उदाहरणांची इंग्रजी वाक्यं इथे देवनागरीत दिली आहेत. ती मोठ्याने वाचा आणि वहीत रोमन लिपीत उतरवून घ्या. हात बसायला त्याचा उपयोग होतो.

पहिली पायरी: गौणवाक्य कोणतं ते ओळखा

गौणवाक्यात तीन गोष्टी असतात: जोडणारा शब्द, कर्ता आणि काळ दाखवणारं क्रियापद. ‘व्हेन शी रीच्ड होम’ यात ‘व्हेन’ जोडतो, ‘शी’ कर्ता, ‘रीच्ड’ क्रियापद. पदसमूहात काळ दाखवणारं क्रियापद नसतं. ‘ऑन रीचिंग होम’ यावरून काल की उद्या हे कळत नाही. ते मुख्य वाक्य सांगतं. म्हणजे आखूड करण्याचं खरं काम एकच: गौणवाक्यातल्या क्रियापदाचा काळ काढून घ्यायचा. जोडशब्द आणि कर्ता बहुतेक वेळा त्याच्यासोबत आपोआप जातात.

काळ काढल्यावर क्रियापदाला चारच रूपं उरतात: आयएनजी लागलेलं रूप, तिसरं रूप, ‘टू’सह मूळ रूप, किंवा त्याचं सरळ नाम. यांपैकी कोणतं घ्यायचं हे गौणवाक्याच्या जातीवर ठरतं. जात ओळखायला शाळेतली युक्ती अजूनही उत्तम: ‘कोणता?’ याचं उत्तर देतं ते विशेषणवाक्य, ‘केव्हा, का, कशासाठी?’ याचं उत्तर देतं ते क्रियाविशेषणवाक्य, आणि ‘काय?’ याचं उत्तर देतं ते नामवाक्य.

दुसरी पायरी: कर्ता तपासा

ही पायरी सहसा शेवटी, ‘सामान्य चुका’ म्हणून शिकवली जाते. ती आधी हवी. हे वाक्य घ्या:

‘व्हाइल ही वॉज क्रॉसिंग द रोड, अ रिक्षा हिट हिम.’

बरेच जण ‘ही वॉज’ काढून टाकतात आणि लिहितात: ‘व्हाइल क्रॉसिंग द रोड, अ रिक्षा हिट हिम.’ मराठी कानाला यात काहीच खटकत नाही, कारण ‘रस्ता ओलांडताना त्याला रिक्षाने धडक दिली’ हे मराठी वाक्य निर्दोष आहे. मराठीत ‘ताना’ आणि ‘ल्यावर’ हे प्रत्यय वाक्यातल्या कुठल्याही माणसाला चिकटू शकतात. कोण ओलांडत होतं ते ऐकणारा समजून घेतो. इंग्रजी वाचक असं समजून घेत नाही. पदसमूहाला स्वतःचा कर्ता नसेल तर तो मुख्य वाक्याचा कर्ता उचलतो. इथे मुख्य वाक्याचा कर्ता आहे रिक्षा. म्हणजे रस्ता ओलांडत होती ती रिक्षा!

उपाय दोन. मुख्य वाक्य फिरवून त्याचा कर्ता बदला: ‘व्हाइल क्रॉसिंग द रोड, ही वॉज हिट बाय अ रिक्षा.’ कर्मणी प्रयोग एरवी टाळावा असं सांगतात, पण अशा जागी तो फार कामाला येतो. दुसरा उपाय म्हणजे गौणवाक्य आहे तसंच ठेवणं. त्यात कमीपणा काही नाही.

याच जातीची आणखी दोन वाक्यं सतत दिसतात. ‘आफ्टर रीचिंग होम, इट स्टार्टेड रेनिंग.’ मराठीत ‘घरी पोचल्यावर पाऊस सुरू झाला’ अगदी बरोबर. इंग्रजीत घरी कोण पोचलं याचा पत्ताच नाही. नोकरीच्या अर्जात हमखास येणारं दुसरं: ‘हॅव्हिंग कम्प्लीटेड माय डिग्री, युअर कंपनी इज माय फर्स्ट चॉइस.’ पदवी कंपनीने घेतली असा अर्थ झाला. ते ‘हॅव्हिंग कम्प्लीटेड माय डिग्री, आय वुड लाइक टू जॉइन युअर कंपनी’ असं हवं.

म्हणून नियम असा ठेवा: कात्री लावण्याआधी दोन्ही वाक्यांच्या कर्त्यांखाली रेघ ओढा. एकच माणूस किंवा वस्तू असेल तरच पुढे जा. विशेषणवाक्याला हा नियम थोडा वेगळा लागतो, कारण ते आपल्या आधीच्या नामाला चिकटतं. तिथे रेघ त्या नामाखाली ओढायची.

विशेषणवाक्य: हू, विच, दॅट काढताना

सर्वांत सोपा प्रकार: ‘हू’ किंवा ‘विच’च्या मागोमाग इज, आर, वॉज, वेअर यांपैकी काही असेल तर दोन्ही शब्द उचलून टाका. बाकी काही बदलायचं नाही.

‘द मॅन हू इज स्टँडिंग निअर द गेट इज माय अंकल’ याचं ‘द मॅन स्टँडिंग निअर द गेट इज माय अंकल.’

‘द लेटर विच वॉज रिटन बाय द प्रिन्सिपॉल इज मिसिंग’ याचं ‘द लेटर रिटन बाय द प्रिन्सिपॉल इज मिसिंग.’

मागे फक्त एकटं विशेषण उरलं तर त्याची जागा मात्र बदलते. ‘द रोड विच वॉज नॅरो’ याचं ‘द रोड नॅरो’ होत नाही, ‘द नॅरो रोड’ होतं. त्याच विशेषणामागे शेपूट असेल तर ते नामाच्या मागेच राहतं: ‘अ फादर हू इज प्राउड ऑफ हिज सन’ याचं ‘अ फादर प्राउड ऑफ हिज सन’.

‘हू’नंतर साधं क्रियापद असेल तर त्याचं आयएनजी रूप करा. ‘ऑल ट्रेन्स दॅट गो टू पुणे’ याचं ‘ऑल ट्रेन्स गोइंग टू पुणे’. ‘एनीवन हू वॉन्ट्स अ पास’ याचं ‘एनीवन वॉन्टिंग अ पास’.

आता इथला फसवा भाग. ‘द बॉय हू ब्रोक द विंडो रॅन अवे.’ मराठीत ‘खिडकी फोडणारा मुलगा पळाला’ असं आपण सहज म्हणतो, म्हणून ‘द बॉय ब्रेकिंग द विंडो रॅन अवे’ असं लिहायचा मोह होतो. मराठीचा ‘णारा’ काळाच्या बाबतीत मोकळा आहे. तो काल फोडणाऱ्यालाही चालतो आणि उद्या फोडणाऱ्यालाही. इंग्रजीचं आयएनजी तसं नाही. नामाला चिकटल्यावर ते चालू असलेली किंवा नेहमी घडणारी क्रिया दाखवतं. एकदाच घडून संपलेली गोष्ट त्यात मावत नाही. त्यामुळे इथे ‘हू ब्रोक द विंडो’ तसंच राहू द्यायचं.

‘हॅव’ची गोष्टही जपून. ‘अ गर्ल हू हॅज लाँग हेअर’ याचं ‘अ गर्ल हॅव्हिंग लाँग हेअर’ असं आपल्याकडे सर्रास लिहितात. जाहिरातीत ‘कँडिडेट्स हॅव्हिंग टू इयर्स एक्स्पिरियन्स’ वाचून वाचून ते कानावर बसलं आहे. ‘विथ’ वापरा: ‘अ गर्ल विथ लाँग हेअर’, ‘कँडिडेट्स विथ टू इयर्स एक्स्पिरियन्स’. जिथे मालकी किंवा अंगचा गुण सांगायचा आहे तिथे ‘विथ’ जवळजवळ नेहमीच सरस ठरतो.

फर्स्ट, लास्ट, ओन्ली, सेकंड अशा शब्दांनंतर ‘टू’ येतो. ‘शी वॉज द फर्स्ट स्टुडंट हू फिनिश्ड द पेपर’ याचं ‘शी वॉज द फर्स्ट स्टुडंट टू फिनिश द पेपर’. ‘आय हॅव अ लॉट ऑफ वर्क दॅट आय मस्ट फिनिश’ याचं ‘आय हॅव अ लॉट ऑफ वर्क टू फिनिश’.

स्वल्पविरामांच्या मध्ये असलेलं, जादाची माहिती देणारं गौणवाक्य असेल तर नुसतं नाम ठेवून भागतं. ‘कळसूबाई, विच इज द हायेस्ट पीक इन महाराष्ट्र, इज 1646 मीटर्स हाय’ याचं ‘कळसूबाई, द हायेस्ट पीक इन महाराष्ट्र, इज 1646 मीटर्स हाय’. किंवा ‘जोतिराव फुले, हू वॉज अ सोशल रिफॉर्मर, स्टार्टेड अ स्कूल फॉर गर्ल्स इन पुणे इन 1848’ याचं ‘जोतिराव फुले, अ सोशल रिफॉर्मर, स्टार्टेड अ स्कूल फॉर गर्ल्स इन पुणे इन 1848’. दोन्ही बाजूंचे स्वल्पविराम शाबूत ठेवा. पहिला देऊन दुसरा विसरणं ही या प्रकारातली नेहमीची चूक.

काही विशेषणवाक्यं आखूड होतच नाहीत. ‘द बुक विच आय बॉट’ यात ‘विच’ हे कर्म आहे, कर्ता ‘आय’ आहे. इथे फार तर ‘विच’ गाळता येतो: ‘द बुक आय बॉट’. ‘द बुक बॉट बाय मी’ व्याकरणात बसतं, पण सहज बोलताना असं कुणी म्हणत नाही. ‘हूज’ असलेल्या वाक्यालाही सहसा हात लावू नये.

क्रियाविशेषणवाक्य: केव्हा, का, कशासाठी

काम सर्वांत जास्त इथेच आहे. मी काळापासून सुरुवात करतो, कारण ‘ऊन’ आणि ‘ल्यावर’ यांच्यामुळे ते आपल्याला जवळचं वाटतं.

व्हाइल, व्हेन, बिफोर, आफ्टर यांच्यानंतर कर्ता काढून आयएनजी लावता येतं. ‘बिफोर शी वेंट टू बेड, शी लॉक्ड द डोअर’ याचं ‘बिफोर गोइंग टू बेड, शी लॉक्ड द डोअर’. ‘ॲज सून ॲज’ मात्र तसाच राहत नाही, त्याचा ‘ऑन’ होतो: ‘ॲज सून ॲज ही हर्ड द न्यूज, ही लेफ्ट फॉर नागपूर’ याचं ‘ऑन हिअरिंग द न्यूज, ही लेफ्ट फॉर नागपूर’. गौणवाक्य कर्मणी असेल तर तिसरं रूप नुसतं उभं राहू शकतं: ‘व्हेन ही वॉज आस्क्ड अबाउट द मनी, ही केप्ट क्वाएट’ याचं ‘व्हेन आस्क्ड अबाउट द मनी, ही केप्ट क्वाएट’.

दोन क्रिया मागेपुढे घडल्या असतील तर ‘हॅव्हिंग’ आणि तिसरं रूप: ‘आफ्टर ही हॅड फिनिश्ड हिज वर्क, ही वेंट होम’ याचं ‘हॅव्हिंग फिनिश्ड हिज वर्क, ही वेंट होम’. मराठीतलं ‘काम संपवून’ ते हेच. पण दर ‘ऊन’ला ‘हॅव्हिंग’ चिकटवू नका. एक क्रिया लगेच दुसरीत मिसळत असेल तर नुसतं आयएनजी पुरतं. ‘दार उघडून तो आत आला’ याला ‘ओपनिंग द डोअर, ही केम इन’ ठीक आहे. पहिली क्रिया पुरी झाल्याशिवाय दुसरी होणारच नव्हती, किंवा पहिलीमुळे दुसरी घडली, हे ठसवायचं असेल तिथे ‘हॅव्हिंग’ हवा: ‘हॅव्हिंग लॉस्ट हिज टिकिट, ही हॅड टू पे अ फाइन.’

कारणाच्या वाक्यात एक गोष्ट पक्की करून घ्या: ‘बिकॉज’ आणि ‘ॲज’ आयएनजीसोबत कधीच नांदत नाहीत. ‘बिकॉज बीइंग इल’ ही चूक. एक तर जोडशब्द पूर्ण काढा, ‘बीइंग इल, शी स्टेड ॲट होम’, नाही तर त्याच्या जागी ‘बिकॉज ऑफ’ घेऊन पुढे नाम ठेवा, ‘बिकॉज ऑफ हर इलनेस, शी स्टेड ॲट होम’. ‘सिन्स’चे दोन अर्थ आहेत. ‘पासून’ या अर्थाने तो आयएनजीसोबत चालतो, ‘सिन्स कमिंग टू मुंबई, शी हॅज लर्न्ड टू स्विम’. ‘कारण’ या अर्थाने चालत नाही.

‘बीइंग’बद्दल आणखी थोडं सांगायला हवं, कारण आपल्याकडच्या इंग्रजीत त्याचा फार सुळसुळाट आहे. वाक्याच्या सुरुवातीचा ‘बीइंग’ कारण दाखवतो, वेळ दाखवत नाही. म्हणून ‘व्हेन ही वॉज अ चाइल्ड, ही लिव्ह्ड इन सातारा’ याचं ‘बीइंग अ चाइल्ड, ही लिव्ह्ड इन सातारा’ केलं तर ‘लहान मूल असल्यामुळे तो साताऱ्यात राहायचा’ असा अर्थ निघतो. ते हवं ‘ॲज अ चाइल्ड, ही लिव्ह्ड इन सातारा’. आणि ‘बीइंग अ संडे, आय गॉट अप लेट’ या लोकप्रिय वाक्यात रविवार झालो मी! तिथे ‘इट बीइंग अ संडे, आय गॉट अप लेट’ असं लिहावं लागतं.

हा ‘इट’ कुठून आला? कर्ते दोन वेगळे असतील तरीही पदसमूह करता येतो, फक्त त्याचा कर्ता त्याच्यासोबत ठेवावा लागतो. ‘व्हेन द सन हॅड सेट, द फार्मर्स वेंट होम’ याचं ‘द सन हॅव्हिंग सेट, द फार्मर्स वेंट होम’. ज्यांनी शाळेत संस्कृत घेतलं होतं त्यांना इथे सती सप्तमी आठवेल. ‘सूर्ये अस्तं गते’ हीच रचना आहे. संस्कृतात ती सप्तमीत जाते, इंग्रजीत कर्ता प्रथमेत राहतो. परीक्षेत ती विचारतात, जुन्या धाटणीच्या गद्यात ती शोभते. रोजच्या ईमेलमध्ये ती जड वाटते, तिथे मी वापरणार नाही.

नकार असेल तर ‘नॉट’ सर्वांत पुढे: ‘ॲज ही डिड नॉट नो द वे, ही आस्क्ड अ पोलिसमन’ याचं ‘नॉट नोइंग द वे, ही आस्क्ड अ पोलिसमन’. ‘नोइंग नॉट’ नाही. ‘डिड’ही जातो, कारण तो काळ दाखवण्यापुरताच होता.

‘जरी’ची वाक्यं: ‘ऑलदो शी वॉज टायर्ड, शी वॉक्ड टू द टेंपल’. याचं ‘दो टायर्ड, शी वॉक्ड टू द टेंपल’ किंवा ‘डिस्पाइट बीइंग टायर्ड, शी वॉक्ड टू द टेंपल’. ‘डिस्पाइट’ला ‘ऑफ’ लागत नाही, ‘इन स्पाइट’ला लागतो. या दोघांच्या भेसळीतून झालेला ‘डिस्पाइट ऑफ’ अगदी शिकलेल्या लोकांच्या पत्रांतही दिसतो.

‘जर’ची वाक्यं बहुधा कर्मणी असतील तर छान आखडतात. ‘इफ इट इज केप्ट इन द फ्रिज, द बॅटर विल लास्ट थ्री डेज’ याचं ‘केप्ट इन द फ्रिज, द बॅटर विल लास्ट थ्री डेज’. ‘इफ पॉसिबल’, ‘इफ नेसेसरी’ हे तर आपण न शिकताच वापरतो. तेही ‘इफ इट इज पॉसिबल’चं आखूड रूपच.

हेतू सांगणारा ‘सो दॅट’ जाऊन ‘टू’ येतो: ‘ही गेट्स अप अर्ली सो दॅट ही मे कॅच द फर्स्ट लोकल’ याचं ‘ही गेट्स अप अर्ली टू कॅच द फर्स्ट लोकल’. कर्ते वेगळे असतील तर ‘फॉर’ची मदत घ्या. ‘शी ओपन्ड द डोअर सो दॅट द चिल्ड्रन कुड कम इन’ याचं ‘शी ओपन्ड द डोअर फॉर द चिल्ड्रन टू कम इन’. नकारी हेतूला ‘सो ॲज नॉट टू’ वापरा: ‘ही वॉक्ड सॉफ्टली सो ॲज नॉट टू वेक द बेबी’.

‘सो... दॅट’ आणि ‘टू... टू’ (यातला पहिला ‘टू’ म्हणजे ‘फार’, दुसरा क्रियापदाआधीचा नेहमीचा) ही जोडी परीक्षेची जुनी लाडकी. ‘द टी इज सो हॉट दॅट आय कॅनॉट ड्रिंक इट’ याचं ‘द टी इज टू हॉट फॉर मी टू ड्रिंक’. इथे शेवटचा ‘इट’ गळतो आणि ‘नॉट’ही गळतो. हे दोन्ही काढायचे राहिले म्हणून सर्वांत जास्त गुण जातात. ‘टू हॉट’मध्येच नकार आलेला असतो आणि ‘द टी’ हेच ‘ड्रिंक’चं कर्म असतं, म्हणून पुन्हा ‘इट’ची गरज नसते. होकारी वाक्याला ‘इनफ’: ‘ही इज सो टॉल दॅट ही कॅन रीच द शेल्फ’ याचं ‘ही इज टॉल इनफ टू रीच द शेल्फ’. ‘इनफ’ विशेषणाच्या मागे येतो, पुढे नाही.

नामवाक्य: काय

इथे नियम कमी, क्रियापदांच्या सवयी जास्त. होप, डिसाइड, प्रॉमिस, एक्स्पेक्ट यांना ‘टू’ आवडतो: ‘आय होप दॅट आय विल पास’ याचं ‘आय होप टू पास’. ॲडमिट, डिनाय, सजेस्ट, रिमेंबर यांना घडून गेलेल्या किंवा सुचवलेल्या गोष्टीसाठी आयएनजी हवं: ‘ही ॲडमिटेड दॅट ही हॅड टेकन द कीज’ याचं ‘ही ॲडमिटेड टेकिंग द कीज’. ‘सजेस्टेड टू गो’ चालत नाही, ‘सजेस्टेड गोइंग’ म्हणा. या सवयी पाठ करण्यापेक्षा वाचताना टिपून ठेवाव्यात.

प्रश्नार्थक शब्दाचं नामवाक्य फार सुबक आखडतं. ‘आय डू नॉट नो व्हॉट आय शुड से’ याचं ‘आय डू नॉट नो व्हॉट टू से’. काय बोलावं कळत नाही, एवढंच.

आणि एक जागा अशी की तिथे आखूड रूप हाच एकमेव पर्याय आहे. ‘मी डॉक्टर व्हावं असं आईला वाटतं’ यावरून ‘माय मदर वॉन्ट्स दॅट आय शुड बिकम अ डॉक्टर’ लिहिलं जातं. ‘वॉन्ट’नंतर दॅटचं गौणवाक्य येतच नाही. ‘माय मदर वॉन्ट्स मी टू बिकम अ डॉक्टर’ हे एकच बरोबर.

पदसमूह कुठे ठेवायचा

मुंबईत आरेच्या बाजूला राहणाऱ्याला हे वाक्य खरोखर लिहावं लागू शकतं: ‘ऑफिसला जाताना मला बिबट्या दिसला.’ इंग्रजीत ‘आय सॉ अ लेपर्ड गोइंग टू द ऑफिस’ लिहिलं तर ऑफिसला बिबट्या निघाला. मराठीत ‘जाताना’ आणि ‘जाणारा’ हे दोन वेगळे शब्द हा घोटाळा होऊ देत नाहीत. इंग्रजीत दोन्हींना ‘गोइंग’च आहे, त्यामुळे अर्थ जागेवरून ठरतो. नामाला लगटून ठेवलेलं आयएनजी त्या नामाचं विशेषण होतं. म्हणून ‘गोइंग टू द ऑफिस, आय सॉ अ लेपर्ड’ किंवा ‘ऑन माय वे टू द ऑफिस, आय सॉ अ लेपर्ड’. दुसरं मला अधिक आवडतं.

एक वाक्य जवळून

गृहनिर्माण संस्थेच्या फलकावर शोभेल असं एक वाक्य घेऊ:

‘द मेंबर्स हू हॅव नॉट पेड द मेंटेनन्स विच वॉज ड्यू इन मार्च आर रिक्वेस्टेड दॅट दे शुड पे इट बिफोर द मीटिंग विच विल बी हेल्ड ऑन संडे बिगिन्स.’

तीस शब्द, पाच गौणवाक्यं. ‘विच वॉज ड्यू’ पासून सुरू करा, ते सर्वांत सोपं: ‘विच वॉज’ गेलं, ‘ड्यू इन मार्च’ उरलं. ‘रिक्वेस्टेड दॅट दे शुड पे’ चं ‘रिक्वेस्टेड टू पे’. शेवटी ‘बिफोर’ आणि ‘बिगिन्स’ यांच्यामध्ये ‘विच विल बी हेल्ड ऑन संडे’ अडकलं आहे. ते ‘टू बी हेल्ड ऑन संडे’ करता येईल, पण रविवारची सभा ही साधी गोष्ट आहे, ‘संडेज मीटिंग’ म्हणा. मग ‘बिगिन्स’ही नको, ‘बिफोर संडेज मीटिंग’ पुरे.

उरलं ‘हू हॅव नॉट पेड’. याचं ‘नॉट हॅव्हिंग पेड’ करता येतं. मी करणार नाही. ज्यांनी पैसे भरले नाहीत त्यांनी सूचना वाचताच ‘हे मला उद्देशून आहे’ असं समजलं पाहिजे, आणि काळ दाखवणाऱ्या क्रियापदाने ते चटकन समजतं. तयार वाक्य असं:

‘मेंबर्स हू हॅव नॉट पेड द मेंटेनन्स ड्यू इन मार्च आर रिक्वेस्टेड टू पे इट बिफोर संडेज मीटिंग.’

अठरा शब्द झाले आणि अर्थ तसूभरही हलला नाही.

हाच विचार इतर ठिकाणीही करावा. ‘लिव्हिंग इन मुंबई, शी नोज द लोकल्स वेल’ यात मुंबईत राहत असल्यामुळे, हे स्पष्ट आहे. पण ‘लिव्हिंग इन मुंबई, शी रोट टू हिम एव्हरी वीक’ यात राहत असताना की राहत असल्यामुळे, हे वाचकाला कळत नाही. अशा वेळी ‘व्हाइल’ ठेवा किंवा पूर्ण गौणवाक्यच ठेवा. बोलतानाही आयएनजीने वाक्य सुरू करणं पुस्तकी वाटतं. ‘बीइंग अनवेल, आय कॅनॉट कम’ असं फोनवर म्हणण्यापेक्षा ‘आय कान्ट कम, आय ॲम नॉट वेल’ बरं. शिवाय सलग तीन वाक्यं आयएनजीने सुरू झाली तर वाचणारा कंटाळतो.

कर्त्याच्या नियमाला थोडे अपवाद आहेत: जनरली स्पीकिंग, कन्सिडरिंग, जजिंग बाय. हे आता ठरीव शब्दप्रयोग झाले आहेत, त्यांना कर्ता कोण हे कुणी विचारत नाही.

सरावाला सहा वाक्यं

आधी कागदावर करून बघा, मग पुढची उत्तरं वाचा.

१. द बॅग इज सो हेवी दॅट शी कॅनॉट लिफ्ट इट.
२. ही वॉज द ओन्ली प्लेअर हू स्कोअर्ड अ सेंच्युरी.
३. ॲज इट वॉज अ हॉलिडे, द बँक वॉज क्लोज्ड.
४. ऑलदो शी हॅड नॉट स्लेप्ट ऑल नाइट, शी रोट द पेपर वेल.
५. आय डू नॉट नो हूम आय शुड आस्क.
६. व्हेन आय ओपन्ड द कपबर्ड, अ लिझर्ड फेल ऑन माय हँड.

पहिल्याचं ‘द बॅग इज टू हेवी फॉर हर टू लिफ्ट’. ‘इट’ गेला ना, ते पाहा. दुसऱ्याचं ‘ही वॉज द ओन्ली प्लेअर टू स्कोअर अ सेंच्युरी’. तिसऱ्याचं ‘इट बीइंग अ हॉलिडे, द बँक वॉज क्लोज्ड’. ‘इट’ विसरलात तर बँकच सुट्टी होते. चौथ्याचं ‘डिस्पाइट नॉट हॅव्हिंग स्लेप्ट ऑल नाइट, शी रोट द पेपर वेल’. पाचव्याचं ‘आय डू नॉट नो हूम टू आस्क’. सहाव्यात कपाट उघडणारा मी आणि पडणारी पाल, कर्ते दोन. ‘ओपनिंग द कपबर्ड, अ लिझर्ड फेल’ केलंत तर कपाट पालीने उघडलं. मुख्य वाक्य फिरवून ‘आय’ला कर्ता करायला गेलं तर वाक्य ओढूनताणून आणल्यासारखं होतं. हे वाक्य आहे तसंच ठेवायचं.